रडायला पणजीला

"मामा, रुमाल घेतलास ना?" फोंड्याच्या बस स्टँडवर भाचीने विचारलं. मला वाटलं, पावसासाठी. २०२५चा जुलै, छत्री असूनही पाठ भिजलेली. मग कळलं, आम्ही 'सैयारा' सिनेमाला निघालोय आणि तिच्या मैत्रिणी तो दोनदा रडून आल्यात. पाहून नव्हे, रडून.

कदंबच्या बसमध्ये तिने मला एक व्हिडिओ दाखवला. हाताला सलाइन लावून एक पोरगा थिएटरात बसलाय. आमच्या घरी कुणाला सलाइन लागली की आधी टीव्ही बंद करतात.

आमच्या वेळी पणजीत अशोक-सम्राट थिएटरात हिरो दिसला की शिट्ट्या आणि चिल्लर. मीही एकदा जोशात चार आणे भिरकावले आणि मध्यंतरात खुर्च्यांखाली तेच शोधत बसलो. परतीच्या तिकिटाला कमी पडत होते. दंगा उघड, रडणं मात्र चोरून. दिवे लागायच्या आत आई डोळे कोरडे करायची. अजूनही नोव्हेंबरात इफ्फी या चित्रपट महोत्सवाला गळ्यात कार्ड अडकवून मी परदेशी दुःखं बघतो, तेव्हा शेजारी कुणी नाक ओढलं तरी चार माना वळतात.

इथे 'सैयारा'त नायिकेची स्मरणशक्ती जायला लागली आणि हॉलभर मोबाइल पेटले. पुढच्या रांगेतला मुलगा हुंदके देत होता, मित्र शूटिंग करत होता. मध्येच थांबून मुलाने व्हिडिओ तपासला, केस सारखे केले आणि उरलेलं रडू पुरं केलं. पडद्याकडे पाठ करून.

नवं रडू अपुरं पडलं तर जुनं गरम करून वाढतात. २०१६त आपटलेला 'सनम तेरी कसम' २०२५च्या फेब्रुवारीत पुन्हा लावला, तर पहिल्यापेक्षा जास्त चालला. आमचं भाज्यांचं खतखतं दुसऱ्या दिवशी मुरतं, तसंच असावं. भाची त्यालाही जाऊन आलेली.

मी आपला पॉपकॉर्न खात होतो. तिकिटापेक्षा महाग, म्हणून तळाचा लाल मसालासुद्धा बोटांनी पुसून घेतला. तेवढ्यात डोळा खाजला.

पुढचं सगळं धुरकट आहे. दोन्ही डोळ्यांना धारा, नाकालाही. पलीकडच्या मुलीने टिश्यू दिला. "अंकल, खूप रिलेट झालं ना?" माझ्या पाठीवर हात ठेवून भाची अभिमानाने म्हणाली, "मामा तसा हळवाच आहे." तिचा दुसरा हात कशात गुंतला होता ते मला दिसलं नाही. मला फक्त नळ हवा होता.

रात्री फोंड्याला पोचेस्तोवर व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर फिरून आला होता. बायकोने दार उघडलं. जेवण वाढलं. ताटात मीठ वाढता वाढता एवढंच म्हणाली, "माझे बाबा गेले, तेव्हा यातलं थोडं तरी काढायचं होतं."