चाळीस टाक्यांचे त्रेपन्न

बँकेतून निवृत्त झालो आणि पहिले दोन महिने मी घरातली विजेची बिलं, दुधाचा हिशेब आणि फोडणीच्या डब्यातली मोहरी तपासण्यात घालवले. तिसऱ्या महिन्यात बायको म्हणाली, "अहो, हाताला काहीतरी चाळा लावून घ्या. नाहीतर आता मी निवृत्त होते."

त्याच सुमारास कॅनडातल्या एडमंटनहून मुलीनं गोड बातमी कळवली. मावशीनं त्याच संध्याकाळी सुया बाहेर काढल्या. मावशी ८२ वर्षांची. घरातल्या तीन पिढ्यांचा बाळंतविडा तिच्या हातचा: टोपडी, मोजे, स्वेटर, दुपटी, सगळं. मालिका बघताना ती विणते. डोळे सासूच्या कारस्थानावर, हात टोपड्यावर. मी म्हटलं, "मावशी, मलाही शिकव." तिनं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तुला? बरं. १० नंबरच्या सुया आण आणि फिक्या रंगाची लोकर. काळी आणलीस तर मी हात लावणार नाही."

तुळशीबागेजवळच्या दुकानात दुकानदारानं विचारलं, "वहिनींना किती गुंडे हवेत?" मी शूरपणे खरं सांगायला तोंड उघडलं आणि म्हणालो, "दोन." घरी येऊन वेष्टन वाचलं तर शंभर टक्के ॲक्रिलिक. म्हणजे मेंढीनं काही द्यायचा प्रश्नच नव्हता. पण आपल्याकडे त्याला लोकरच म्हणतात आणि मावशीसमोर शब्दार्थावर वाद घालण्याची माझी छाती नाही.

टाके घालायला दोन दिवस गेले. सुलट टाका चार दिवसांत आला. उलट टाकाही आला. मग मावशी म्हणाली, "आता एक सुलट, एक उलट घाल. खालची पट्टी होते." ४० टाके घेऊन बसलो. चार ओळी झाल्यावर मोजले तर ५३. पुन्हा मोजले. ५३च. चौतीस वर्षांच्या नोकरीत इतक्या कमी मुदतीत इतका परतावा देणारी योजना मी पाहिली नव्हती. पट्टीला मात्र जागोजागी भोकं पडली होती.

"दोरा पुढे घेतलास का उलट घालताना?"

"कुठून पुढे?"

"अरे, दोन सुयांच्या मधून! सुलटाला दोरा मागे, उलटाला पुढे. तू सुईवरून घेतोयस, म्हणून दर वेळी फुकटचा टाका जन्माला येतोय."

हे तिनं आधी का सांगितलं नाही? तर तिला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. श्वास घेताना नाक उघडं ठेवायचं, हेही कुणी सांगत नाही. मावशीचं सगळं शिक्षण असंच. किती टाके कमी करू विचारलं की म्हणणार, "बघून." केव्हा थांबू? "कळतं." जास्त खोदून विचारलं की माझ्या हातातून सुया घेते, सहा टाके विजेसारखे घालते आणि म्हणते, "असं."

म्हणून मी यूट्यूबकडे वळलो. तिथे उलटा प्रकार. तिथे सगळं सांगतात, फक्त इंग्रजी लघुरूपांत. 'के-टू-टॉग' वाचून मला काराकोरमच्या के-टू शिखरावर कुणाला तरी सोबत न्यायचं असेल असं वाटलं. ते निघालं दोन टाके एकत्र सुलट विणणं. त्याच्या पुढच्याच ओळीत 'एसएसके'. आता मी आयुष्यभर कर्जखात्यात बसलेला माणूस. एसएसके म्हणजे सहकारी साखर कारखाना, याखेरीज दुसरा अर्थ माझ्या डोक्यात शिरेना. टोपीच्या नमुन्यात दर चौथ्या ओळीला एक साखर कारखाना? मग कळलं: दोन टाके न विणता एकेक करून उजव्या सुईवर सरकवायचे आणि मग दोन्ही मिळून एक विणायचा. दोन्ही रीतींनी टाका एकच कमी होतो, पण के-टू-टॉगचा उजवीकडे झुकतो आणि एसएसकेचा डावीकडे. कारखाना कुणीकडे झुकणार हे आधीपासून नक्की असलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

या ज्ञानाच्या बळावर मी स्वतःसाठी टोपी विणायला घ्यायचं ठरवलं. पहाटे पर्वती चढताना डिसेंबरात माझ्या टकलाला गार वारा झोंबतो. नमुना अमेरिकन होता: ८ नंबरची गोल सुई, ९० टाके. दुकानातून ८ नंबरची वायरवाली सुई आणली, ९० टाके घातले आणि गोल जोडले. 'पीळ पडू देऊ नका' असं लिहिलं होतं. मला वाटलं, साधी काळजीची सूचना आहे, जिन्यात 'डोकं सांभाळा' लिहितात तशी. बारा फेऱ्या झाल्यावर बायकोनं ते उचलून निरखलं. "अहो, हे सरळ का होत नाही?" आम्ही दोघांनी ते उलटलं, पालटलं, शेवटी मी हातात घालून फिरवून पाहिलं. सरळ होणं शक्यच नव्हतं. जोडतानाच एक पीळ पडला होता. मोबियस नावाच्या जर्मन गणितज्ञानं १८५८ साली अर्धा पीळ दिलेली, एकच बाजू असलेली पट्टी शोधली. मी लोकरीत नकळत त्याच्याही पुढे गेलो होतो: माझा पीळ पूर्ण होता. त्याचं नाव झालं. मी बाराही फेऱ्या उसवल्या.

उसवण्याबद्दल जरा बोलायला हवं, कारण त्यात माझा हात मावशीपेक्षाही चांगला बसला आहे. पहिल्या वेळी छातीत कळ येते. तिसऱ्या वेळेपासून त्यात एक सुख आहे: दोरा ओढला की टाके टप टप टप सुटतात आणि तीन दिवसांचा मूर्खपणा पाच मिनिटांत परत गुंड्यावर जातो. बँकेत ही सोय नव्हती. उसवलेली लोकर मात्र शेवयांसारखी कुरळी होते. ती धुऊन, पिळून, दांडीवर वाळत घातली की शेजारचे काका विचारतात, "काय हो, नूडल्स?"

दुसऱ्या खेपेला टोपी पूर्ण झाली. पीळ नाही, भोक नाही, शेंड्याला कारखाने डावीकडे आणि के-टू उजवीकडे. आरशासमोर उभा राहून डोक्यावर चढवली. चढेना. ओढून बसवली तर नारळाला शेंडी राहावी तशी माथ्यावर टेकून राहिली. टेप लावली: घेर ४१ सेंटीमीटर.

भानगड सुईत होती. आपल्याकडचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे: नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकेत नंबर वाढला की सुई जाड. आपली ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर. त्यांची ८ म्हणजे ५. त्यांच्या सुईवर दहा सेंटीमीटरला १८ टाके बसतात, म्हणजे ९० टाक्यांची टोपी ५० सेंटीमीटर. माझ्या सुईवर २२ बसले. नमुन्याच्या सुरुवातीलाच लिहिलं होतं की आधी दहा सेंटीमीटरचा चौकोन विणून मोजा. पण चौकोन कोण घालतो डोक्यावर?

मावशीनं टोपी बोटावर फिरवली. "वीण छान आलीय," ती म्हणाली. बासष्टाव्या वर्षी मी लाजलो.

मग पायमोजा. मोज्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण टाच वळवण्याची आठवण अजून ताजी आहे. अर्धीच ओळ विणायची आणि मध्येच मागे फिरायचं. असं करत राहिलं की कापडाला आपोआप वाटी येते. चार वेळा उसवल्यावर ती वाटी आली तेव्हा मी सबंध सोसायटीला दाखवून आलो. पण पुढे बोटांपाशी किचनर होता. पंजाचं टोक शिवण न दिसता जोडायच्या टाक्याला हे नाव आहे आणि ते त्याच लॉर्ड किचनरचं, जो १९०२ ते १९०९ आपल्याकडे सरसेनापती होता. त्याच्याशी झालेल्या भांडणात १९०५ साली कर्झनला व्हाइसरॉयपद सोडावं लागलं. तिथे माझा काय पाड?

पुढच्या सुईवर: सुलट घालून काढ, उलट घालून ठेव. मागच्या सुईवर: उलट घालून काढ, सुलट घालून ठेव. हे सलग म्हणत राहायचं. थांबलं की चुकलं. मी डोळे बारीक करून पुटपुटत होतो: सुलट काढ, उलट ठेव, उलट काढ, सुलट ठेव. कामाला येणाऱ्या ताई बायकोला हळूच म्हणाल्या, "साहेबांनी जप चालू केला वाटतं. बरं झालं." तेवढ्यात बेल वाजली. सिलिंडर आला होता. परत येऊन बसलो तेव्हा मी काढत होतो की ठेवत होतो, हे किचनरलाच माहीत.

ती टोपी बायकोनं कुणाच्या तरी सामानातून एडमंटनला पाठवली. मला न विचारता. फेब्रुवारीत मुलीचा व्हिडिओ कॉल आला. नात तीन महिन्यांची, डोक्यावर माझी टोपी, कानांपर्यंत बरोबर. "बाबा, माप किती अचूक घेतलंत हो! न बघता!"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी कॅमेऱ्याकडे पाहिलं. "कळतं," मी म्हणालो.

मग मुलगी म्हणाली, "आता यांच्यासाठी पण मोज्यांचा जोड करा ना. इथे उणे पंचवीस आहे." जावयाचं पाऊल दहा नंबरचं. हा दहा भारतीय की अमेरिकन, ते मी आधी विचारून घेतलं. काल १२ नंबरच्या सुयांवर ६४ टाके घातले आणि गोल जोडले, पीळ तीनदा तपासून. आज सकाळपासून मोजतोय, ६३ येतायत. मावशी म्हणते, गुंड्याखाली बघ.