दुधाची पिशवी आणि काळं बॉनेट

काळ्या गाडीच्या बॉनेटवर दुधाची पिशवी ठेवू नये, हे एखाद्याला तोंडानं सांगावं लागेल असं मला वाटलं नव्हतं. रविवारी सकाळी सात वाजता सांगावं लागलं. तेही तासभर खपून बॉनेट नुकतं कोरडं केलेलं असताना.

ठेवणारे आमच्याच विंगमधले, दुसऱ्या मजल्यावरचे काका. गप्पा मारायला हात मोकळे हवेत म्हणून त्यांनी पिशवी ठेवली. आणि निघताना उचलली नाही, ओढली. ती पिशवी कुठून आलेली असते? क्रेटमधून. क्रेट कुठे असतो? दुकानासमोर, फुटपाथवर. म्हणजे पिशवीच्या ओल्या बुडाला अख्ख्या पुण्याची कच चिकटलेली, आणि ती वीतभर अंतर माझ्या बॉनेटवरून सरकली. पण हे शेवटी झालं. त्याआधी दहा मिनिटं काकांनी माझी तोंडी परीक्षा घेतली.

"काय रे, दोन बादल्या?"

"हो काका. एकीत शाम्पू, एकीत साधं पाणी."

"साधं कशाला?"

"मोजा धुवायला."

काकांनी माझ्या पायांकडे बघितलं. पायात स्लिपर होत्या.

"हातमोजा, काका. हा." मी शेवंतीच्या फुलासारख्या झुपक्यांचा मायक्रोफायबरचा मोजा वर धरला. गळणारं पाणी माझ्या कोपरापर्यंत गेलं.

"म्हणजे मोज्यानं गाडी धुवायची, मग तो मोजा धुवायचा, आणि मग मोजा धुतलेलं पाणी टाकून द्यायचं. टँकरचे पैसे मेन्टेनन्समधून जातात, माहितीये ना?"

"काका, मोज्यातली माती दुसऱ्या बादलीत सोडली नाही, तर तीच पुन्हा गाडीवर घासली जाते."

"आणि साबण कुठला?"

"शाम्पू आहे. पीएच सात."

"आमच्या वेळी पीएच नव्हता," काका म्हणाले. मग पलीकडे बोट दाखवलं. "1998 पासून कपड्याच्या पावडरीनं धुतोय. एका बादलीत. बघ."

मी बघितलं. काकांची पांढरी मारुती 800 उन्हात दूधपेढ्यासारखी चमकत होती. माझ्या गाडीवर मात्र तेच ऊन पडलं आणि सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचं अख्खं जाळं उमटलं.

"ही जळमटं कसली रे? धुतलीयेस ना?"

इथे मला खरंच राग आला. कारण काकांच्या गाडीवर माझ्यापेक्षा दसपट ओरखडे आहेत. फक्त ते दिसत नाहीत! पांढरा रंग स्वतःच चहूकडे इतका प्रकाश फेकतो की ओरखड्यांची चमक त्यात बुडून जाते. काळा रंग प्रकाश गिळतो, म्हणून प्रत्येक ओरखड्याची कड एकटी लखलखते. आणि ते ओरखडे गोल नसतातही. वेडेवाकडे, सगळ्या दिशांना असतात. त्यातले नेमके दिव्याभोवती आडवे पडलेले तेवढे डोळ्याला दिसतात, म्हणून जाळं गोल वाटतं. हे मी काकांना सांगितलं. काका म्हणाले, "म्हणजे पांढरी घ्यायला हवी होती."

याला उत्तर नाही.

कपड्याच्या पावडरीत सोडा असतो. गाडीवरचं वॅक्स ती उतरवतेच, वर रबराच्या पट्ट्या आणि काळं प्लॅस्टिक पांढुरकं करते. भांड्यांच्या वडीचं तर नावच काढू नका, तिच्यात करपलेलं पातेलं घासायची भुकटी असते. भांड्यांचं लिक्विड त्यातल्या त्यात सभ्य. जुनं वॅक्स काढून नवं लावायचं असेल तर एखाद्या वेळी चालतं, दर रविवारी नाही. गाडीच्या शाम्पूचं खरं काम मळ कापणं नसून बुळबुळीतपणा देणं आहे. कण रंगावर घासला न जाता पाण्याबरोबर घसरून जायला हवा. दहा लिटरच्या बादलीला वीस-तीस मिलि पुरतो. जास्त ओतला तर फेस मस्त दिसतो, पण धुताना जात नाही, आणि काळ्या रंगावर सुकून ढगांसारखे डाग देतो.

शाम्पू कितीही महाग आणा, आधी नुसत्या पाण्याच्या जोरावर धूळ उतरवली नाही तर सगळं फुकट. रंगावरचा पारदर्शक थर साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ. त्यावर कोरडं फडकं फिरवणं म्हणजे पॉलिश पेपर मारणं. आणि आपल्याकडे गाडीची सुरुवातच तिथून होते. डिलिव्हरीच्या दिवशी बॉनेटवर कुंकवाचा स्वस्तिक, त्यावर अक्षता, काच आणि बॉनेटवरून तारेत ओवलेला हार. घरी पोचल्यावर कुणीतरी प्रेमानं ते कुंकू कोरड्या रुमालानं पुसतं. गोल गोल. गाडीला पहिली जखम देवाच्या नावानं होते.

पुढच्या जखमा महिना ठरवून घेतलेल्या. गाड्या पुसणारा पहाटे पाचला यायचा. एक बादली, एक फडकं आणि वीस गाड्या. माझी एकोणिसावी. बिचाऱ्याचा दोष नाही, तेवढ्या पैशात कोण दोन बादल्या आणणार? पण आधीच्या अठरा गाड्यांची माती मी दर महिन्याला पैसे मोजून का लावून घेत होतो, याचा हिशोब मला आजही लागत नाही.

आता पॉलिश. दुकानात "काळ्या गाडीसाठी काहीतरी द्या" म्हटलं की तीन बाटल्या समोर येतात आणि तिन्हींवर पॉलिशच लिहिलेलं असतं. एकीत रंग घासणारी भुकटी, ते कंपाउंड. ते पारदर्शक थरच खरवडतं, ओरखडा खरंच जातो, पण थर परत येत नाही. दुसरीत थोडी भुकटी, थोडं तेल. तेल ओरखड्यांत बसतं, गाडी थोडे दिवस नवी दिसते आणि चौथ्या धुण्याला जाळं परत. तिसरीत काळा रंगच मिसळलेला असतो. वरच्या पारदर्शक थराला काळ्या रंगाचा काय उपयोग? फडकं मात्र छान काळं होतं. आणि वॅक्स हे यातलं काहीच नाही. ते झाकण आहे, औषध नाही. ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांवरचं कार्नोबा मेण काळ्या रंगाला ओल्यासारखी गहिरी चमक देतं हे खरं, पण आपल्या एप्रिल-मेमध्ये दोनेक महिने टिकलं तरी नशीब. सिंथेटिक सीलंट, म्हणजे मेणाऐवजी लावायचं कृत्रिम झाकण, जास्त टिकतं, दिसतं जरा काचेसारखं. मला मेणाचाच रंग आवडतो, आणि हा माझा मूर्खपणा मला मान्य आहे. थर मात्र पातळ हवा, बोटानं ओढल्यावर धूसर रेघ उठेल इतकाच. श्रीखंडासारखा थापला तर पुसताना खांदा निखळतो.

हे सगळं सावलीत आणि पत्रा गार असताना करायचं. आमच्या सोसायटीत सावलीतली जागा पाहुण्यांच्या पार्किंगला आहे आणि तिथे गाडी धुवायला बंदी आहे. उन्हात धुवायला मुभा आहे. तिथे बोअरचं पाणी काळ्या पत्र्यावर क्षणात सुकतं आणि कॅल्शियमचे पांढरे ठिपके सोडतं. पांढरं व्हिनेगर आणि तितकंच डिस्टिल्ड वॉटर, अर्धा-एक मिनिट, मग भरपूर पाणी, एवढ्यानं ताजे ठिपके निघतात. जुने रंगात खड्डा करून बसतात. म्हणून पाणी सुकायच्या आत टॉवेलनं टिपायचं. पण टॉवेल घासायचा नाही, नुसता पसरायचा आणि अलगद ओढायचा. माझा तसा ओढून झाला होता. त्या कोरड्या, आरशासारख्या बॉनेटवर काकांची पिशवी आली.

"अरे, दुधाचा थेंब पडला वाटतं," म्हणत काकांनी शर्टाच्या टोकानं तो पुसला. मनापासून, गोल गोल.

"काका, राहू दे, मी बघतो."

"नाही रे, दुधाचा डाग वाईट."

पिशवीनं ओढलेल्या रेघेवरून नख फिरवलं तर अडकतं. नख अडकणारी रेघ पॉलिशनं जात नाही, हे मीच लोकांना सांगत असतो. काकांना इतकंच म्हणालो की पिशवी बॉनेटवर ठेवत जाऊ नका, रंग खराब होतो. त्यांना मनापासून वाईट वाटलं. "लक्षात ठेवतो," म्हणाले.

आज सकाळी खाली आलो तर काका वॉचमनशी बोलत उभे होते. पिशवी बॉनेटवरच होती. मला बघून त्यांनी लगबगीनं हात वर केला.

"आज खाली पेपर घातलाय रे!"