एक वर्ष, अकरा महिने, सव्वीस दिवस

विमान कंपन्यांच्या लेखी माणसाच्या वयाचे तीनच टप्पे असतात. इन्फंट, चाइल्ड आणि अडल्ट. अडल्ट बहुतेक ठिकाणी बाराव्या वर्षी सुरू होतो आणि मग तुम्ही कितीही म्हातारे झालात तरी तुमच्यात फारसा रस घेतला जात नाही. सगळा रस पहिल्या दोन टप्प्यांच्या सीमारेषेत आहे. ती दुसऱ्या वाढदिवसाच्या बरोब्बर अंगावरून जाते.

नियम म्हणाल तर एका ओळीचा. दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत मूल मांडीवर बसून जाऊ शकतं, दुसऱ्या वाढदिवसापासून त्याला स्वतःची सीट लागते. वय धरतात ते प्रवासाच्या तारखेला, तिकीट काढल्याच्या तारखेला नाही. ‘अहो, बुकिंग केलं तेव्हा दीड वर्षाचाच होता’ हा युक्तिवाद काउंटरवर रोज कोणीतरी करतं आणि रोज हरतं.

खरी गंमत परतीच्या तिकिटात आहे. जाताना मूल दोन वर्षांच्या आतलं, आजी-आजोबांकडे केक कापला, येताना दोन वर्षं चार दिवसांचं. आता वेबसाइटवर या. तिथे मुलाच्या वयासाठी अख्ख्या प्रवासाला मिळून एकच रकाना असतो. प्रवासात मूल मोठं होऊ शकतं, ही शक्यता तो रकाना करणाऱ्याला सुचलेली नसते. मग तीनपैकी काहीतरी एक होतं. साइट जन्मतारीख बघून लाल अक्षरांत अडवते, हा त्यातला भला प्रकार. किंवा निमूटपणे दोन्ही बाजूंना चाइल्डचं भाडं लावते आणि तुम्हाला वाटतं, विमानभाडी काय भडकली आहेत! तिसरा प्रकार सर्वांत घातक. साइट काहीच बोलत नाही, दोन्ही बाजूंना इन्फंट विकून मोकळी होते. ते परतीच्या चेक-इनला उघडकीला येतं. मग सीट घ्यायची त्या दिवसाच्या भावाने, आणि तीही विमानात उरली असेल तर.

यावर उपाय आहेत. कंपनीला फोन करून ‘जाताना इन्फंट, येताना चाइल्ड’ असं एकाच बुकिंगमध्ये करून मागायचं. काही कंपन्या करतात, काही संपूर्ण प्रवासाला चाइल्डच धरतात. दुसरा मार्ग दोन एकेरी तिकिटांचा. देशांतर्गत प्रवासात तो बिनधास्त वापरावा. लांबच्या आंतरराष्ट्रीय प्रवासात मात्र आधी हिशेब करावा, कारण पूर्ण सेवा देणाऱ्या कंपन्यांकडे दोन एकेरी तिकिटं मिळून परतीच्या तिकिटापेक्षा बरीच महाग पडू शकतात. तिसरा मार्ग म्हणजे दोन्ही बाजूंना सीट घेऊन टाकणं. चार तासांपेक्षा मोठं उड्डाण असेल तर माझं मत तिसऱ्या मार्गाला. कारण पुढे येईलच.

फोनवर बोलताना शब्द जपून वापरावेत. ‘बाळासाठी सीट हवी’ म्हटलं की पलीकडचा माणूस पाळणा (विमानातल्या भिंतीला अडकवतात तो) बुक करायला लागतो. ‘इन्फंट विथ सीट’ म्हणावं. त्यांच्या संगणकात मांडीवरच्या बाळाचा कोड आयएनएफ, सीटवाल्या बाळाचा आयएनएस, आणि दोनच्या पुढचं मूल सीएचडी. दोनच्या आतल्या मुलाला सीट घेतली तर भाडं सहसा चाइल्डचंच पडतं. स्वस्त कंपन्यांत ते थेट मोठ्यांइतकं असतं. आंतरराष्ट्रीय मार्गांवर मांडीवरच्या बाळाला साधारण मोठ्यांच्या भाड्याच्या दहा टक्के अधिक कर पडतात, म्हणजे ‘मांडीवरचं बाळ फुकट’ यातला ‘फुकट’ हा शब्दही जरा सैलच.

आपण नंतर शहाणे होऊन परतीची सीट वेगळी घ्यायला गेलो, तर नवाच पेच. साइटवर ‘मोठे शून्य, मूल एक’ असं भरलं की ती दोन वर्षांच्या मुलाला एकट्याने प्रवास करू देत नाही. तिचंही बरोबरच आहे. फोन करून आईबापांचा पीएनआर सांगून मुलाचं बुकिंग करवून घ्यायचं, दोन्ही बुकिंग एकमेकांना जोडायला सांगायचं आणि मूळ तिकिटावरची परतीची इन्फंट नोंद काढायला लावायची. हे शेवटचं हमखास राहतं. मग यादीनुसार तेच मूल एकाच विमानात एकदा आईच्या मांडीवर आणि एकदा शेजारच्या सीटवर असतं, आणि दोघांचं नाव-जन्मतारीख सारखी बघून चेक-इनची यंत्रणा गप्प बसते.

जन्मतारीख भरताना साइट दिवस आधी मागते की महिना, हेही बघावं. चार जुलैचं मूल सात एप्रिलचं झालं की तीन महिन्यांनी मोठं होतं, आणि सीमारेषेवर तीन महिने म्हणजे अख्खं भाडं. एकोणतीस फेब्रुवारीला जन्मलेल्यांचा तर दुसरा वाढदिवस कॅलेंडरवर कधी येतच नाही. या गरिबांचं बुकिंग फोनवरच करावं.

आता मांडीकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यांत दोन वर्षांच्या मुलाचं मधलं वजन साधारण १२ किलो आहे, मुलीचं साडेअकरा. उंची ८६-८७ सेंटिमीटर. इकॉनॉमीतली सीट ४३ ते ४६ सेंटिमीटर रुंद, आणि दोन रांगांमधलं अंतर बहुतेक ७४ ते ७९ सेंटिमीटर. म्हणजे तुमच्या मांडीवरचा ‘इन्फंट’ दोन रांगांमधल्या अंतरापेक्षा लांब आहे. तो झोपला की डोकं एका शेजाऱ्याकडे आणि पाय दुसऱ्याकडे. जागा असला तर समोरचा ट्रे उघडणं हा प्रश्नच मिटतो.

‘पण पाळणा मिळतो ना?’ मिळतो, भिंतीसमोरच्या पहिल्या रांगेत, काही विमानांत. त्याची वजनाची मर्यादा बऱ्याच कंपन्यांत १० ते ११ किलो, लांबी जेमतेम पाऊण मीटर. दोनच्या उंबरठ्यावरचं मूल त्यात उभं राहून भाषण करू शकतं, झोपू शकत नाही. शिवाय पट्ट्याचा दिवा लागला की दर वेळी बाळाला बाहेर काढायचं, म्हणजे झोपलेलं उठवायचं. त्या रांगेत हातांच्या दांड्या वर होत नाहीत (ट्रे त्यांच्या पोटात असतो) आणि पायाशी पिशवी ठेवता येत नाही. एवढ्या मोठ्या मुलासाठी त्या रांगेच्या मागे धावू नये.

मांडीवर मूल असलं की सीट निवडणंही आपल्या हातात राहत नाही. कारण डोक्यावर असतं. तीन-तीन सीटच्या विमानात तीन सीटवर सहसा चार ऑक्सिजन मास्क असतात, एक जादा बाळासाठी. म्हणून एका बाजूच्या तीन सीटमध्ये मांडीवरचं बाळ एकच बसू शकतं. काही विमानांत जादा मास्क एकाच बाजूला असतो. जुळ्यांच्या आईबापांना त्यामुळे मधल्या वाटेच्या दोन बाजूंना किंवा पुढे-मागे बसावं लागतं आणि खाऊचा डबा हवेतून फिरतो. संकटकालीन दाराच्या रांगेत बाळाला मनाईच आहे.

मुलाची सीट न काढताही जागा मिळावी म्हणून अनुभवी आईबाप एक डाव टाकतात. दोघांनी खिडकीची आणि कडेची सीट घ्यायची, मधली मोकळी सोडायची. मधली सीट सर्वांत शेवटी भरते, तेव्हा नशीब असेल तर मुलाला फुकट जागा. नशीब नसेल तर दार बंद व्हायच्या जरा आधी एक गृहस्थ बोर्डिंग पास बघत बघत येतात, रांगेचा आकडा वाचतात, बाळ बघतात, पुन्हा आकडा वाचतात. त्यांना कडेची सीट देऊ केली की ते इतक्या चटकन ‘हो’ म्हणतात, की आपणच दानशूर वाटू लागतो. विमान भरलेलं असण्याच्या दिवसांत, म्हणजे सुट्ट्यांत, हा डाव टाकू नये.

सुरक्षेचं म्हणाल तर अनेक देशांत मांडीवरच्या बाळाला आईच्या पट्ट्यात अडकवायचा छोटा पट्टा देतात. अमेरिकेत उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी तो चालत नाही, तिथे बाळ नुसतं हातांनी धरायचं. तिथली विमान वाहतूक यंत्रणा मुलांना स्वतंत्र सीटवर बांधून न्यायची शिफारस करते, पण सक्ती करत नाही. २००५ मध्ये त्यांनी त्याचा हिशेबही मांडला. सक्ती केली तर जादा तिकिटामुळे काही कुटुंबं विमान सोडून मोटारीने जातील, आणि रस्ता आकाशापेक्षा जास्त धोक्याचा आहे. तर्क बिनतोड असला तरी बारा किलोचं वळवळतं मूल हातात धरून तो पटवून घेणं कठीण.

सीट घेतलीच आहे तर कार सीट, म्हणजे मोटारीत मुलाला बांधून बसवायची खुर्ची, न्यावी का? तिच्यावर विमानात चालेल असं छापलेलं लेबल हवं. अमेरिकी कार सीटवर ते लाल अक्षरांत असतं. लेबल निघून गेलं असेल तर कर्मचारी ती लावू देत नाहीत. रुंदी विमानातल्या सीटच्या दांड्यांमध्ये मावेल ना, हे घरीच टेप लावून बघावं. ती सहसा खिडकीशी लावायला सांगतात, कारण इतरांची वाट अडता कामा नये. एक तोटा कोणी सांगत नाही. कार सीटवर मूल उंच आणि पुढे बसतं, त्यामुळे पाय थेट समोरच्याच्या पाठीवर येतात. दर लाथेला समोरचा माणूस पाव वळतो, दहाव्या लाथेला पूर्ण. त्यापेक्षा १० ते २० किलोच्या मुलांसाठी मिळणारा, सीटच्या पाठीला बांधायचा मंजूर पट्टा सोयीचा. तो हातपिशवीत मावतो आणि पाय थोडे खाली राहतात.

दोन वर्षं पूर्ण झाल्याचे फायदेही आहेत. मोठ्यांच्या बरोबरीचं सामान मिळतं, म्हणजे बहुतेक वेळा स्वतःच्या वजनापेक्षा जास्त. ते सगळं आपणच उचलायचं असतं. जेवण मिळत असेल तर मुलांचं ताट किमान चोवीस तास आधी नोंदवावं लागतं. नोंदवावं जरूर. मूल तुमच्या ताटातलं खाईल, तुम्ही त्याच्यातलं खा.

आणि जन्मदाखला किंवा पासपोर्ट फोनमध्ये नको, हातात ठेवा. दोनच्या जवळचं मूल काउंटरवर नेमकं स्पष्ट बोलायला लागतं. ‘वय किती?’ असं कर्मचाऱ्याने कौतुकाने विचारलं, की ते चार बोटं दाखवतं.