कॉल तुटू नये म्हणून घ्यायची काळजी

रेंज येत नाही म्हणून तुम्हीच बोंब मारली होतीत ना? मग आता भोगा. कंपनीने गच्चीगच्चीवर, खांबाखांबावर छोटे सेल, म्हणजे एकेक लहानसा टापू सांभाळणारे मोबाइलचे अँटेना, बसवले. दोनशे मीटरचा एक सेल ताशी ६० किलोमीटरने धावणारी लोकल १२ सेकंदांत ओलांडते. दादर सोडून भायखळा येईपर्यंत फोन किती दारांत भीक मागतो, ते त्यालाच ठाऊक. ‘हॅलो, ऐकू येतंय का?’ एवढं विचारून होईस्तोवर पुढचा सेल आलेला असतो. चालू कॉल एका सेलने दुसऱ्याकडे द्यायच्या या सोपवासोपवीला हँडओव्हर म्हणतात.

तुम्ही नेटवर्क इंजिनिअर असाल, तर पुण्य कमवायची संधी आहे. शेजारच्या सेलचा सिग्नल आपल्या सेलपेक्षा किती डेसिबलने वरचढ हवा आणि ते वरचढपण किती वेळ टिकायला हवं, हे दोन आकडे तुमच्या हातात असतात. फोरजीत ही मुदत शून्यापासून ५१२० मिलिसेकंदांपर्यंत ठेवता येते. कमी ठेवलीत तर फोन दोन सेलमध्ये पिंगपाँग खेळतो. पार ५१२० पर्यंत ताणलीत तर तेवढ्यात गाडी ८५ मीटर पुढे जाते, जुना सेल हातचा सुटतो आणि कॉल गचकतो. म्हणून कोणताही एक आकडा घ्या आणि अख्ख्या शहराला लावून मोकळे व्हा. फुटपाथवर वडापाव खाणारा आणि विरार फास्टच्या दारात लोंबकळणारा, दोघांना न्याय एकच. संविधानाला धरून आहे.

गेल्या काही वेळात फोनने किती सेल बदलले हे मोजून त्याचा वेग ओळखायचा आणि त्यानुसार मुदत कमी-जास्त करायची, ही सोय फोरजीच्या नियमांत पहिल्यापासून आहे. तिकडे ढुंकूनही पाहू नका. पळणाऱ्याला वरच्या मोठ्या सेलवर ठेवावं, छोटे सेल एका जागी बसलेल्यांना सोडावेत, असलं तर मुळीच करू नका. मग नवे सेल लावायला निमित्त काय उरणार? फाइव्हजीच्या नियमांच्या ‘रिलीज १६’ या आवृत्तीत आणखी एक खूळ आलंय: सिग्नल धड असतानाच पुढच्या सेलच्या सूचना फोनला देऊन ठेवायच्या, वेळ आली की तो आपला आपण उडी मारतो. आधीच तयारी? आपल्याकडे? (लग्नाच्या हॉलचं बुकिंग वगळता.)

आणि साधे प्रवासी असाल, तर दोन स्टेशनांच्या मधे गाडी सिग्नलला उभी राहिली की लोकांसारखे वैतागू नका. लगेच फोन लावा आणि महत्त्वाचं ते उरकून घ्या. गाडी हलेपर्यंत हँडओव्हर बहुधा शून्य.