"माळावर बघायला आहेच काय" म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सध्या सोलापुरातल्या बऱ्याच ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की शिक्षकांना गावातले पक्षी-प्राणी ओळखता यायची काही गरज नाही, आपल्याकडं उजाड माळ सोडला तर आहेच काय, आणि लागलंच तर मोबाईलमध्ये ॲप आहे, बाकी जैवविविधता पुस्तकातनं शिकवता येते. मला यातलं काहीच पटलेलं नाही.

आधी तो "उजाड माळ". अहो, त्याच माळासाठी १९७९ साली सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक पक्ष्याचं अभयारण्य झालं. काळवीट, लांडगा, खोकड, धाविक-चंडोलासारखे पक्षी, ही सगळी गवताळ माळावर जगणारी मंडळी, दाट झाडी त्यांच्या कामाची नाही. माळढोक तर उघड्या जमिनीवर अंडं घालतो, बहुतेक वेळा एकच. आज तो नान्नजला दिसला तर बातमी होते अशी अवस्था आहे. आता ज्या सरांना हे माहीत नाही ते पाऊस पडला की पोरांना घेऊन माळावरच वृक्षारोपण करतात, अगदी मनापासून करतात, पण गवताच्या जागी गिरिपुष्प हे बाहेरनं आणलेलं झाड माजलं की माळावरचे पक्षी तिथनं हलतात. खुद्द नान्नजच्या अभयारण्यात गिरिपुष्पाची लागवड झाली होती, मग शाळेला कोण सांगणार? माहिती असलेले सरच ना. झाडं शाळेच्या आवारात लावा, रस्त्याकडंला लावा, माळाचं गवत तेवढं राहू द्या.

ॲपचं म्हणाल तर ॲप नाव सांगतं, तेही फोटो नीट आला तर. माळटिटवीची अंडी खड्यांच्या रंगाची असतात, पायाखाली आली तरी दिसत नाहीत. जवळ गेलं की ती डोक्यावरनं ओरडत फिरते, आणि पोरं अशुभ म्हणून दगड उचलतात. त्या क्षणी "थांबा रे, आसपास अंडी असतील, मागं सरा" असं म्हणणारं माणूसच लागतं. सापाचं तसंच, धामण बिनविषारी, शेतातले उंदीर खाणारी, पण नाग समजून मारली जाते.

पुस्तक राज्यभर एकच, त्यात तुमच्या गावचा ओढा कसा असेल? आणि वर्गात धनगराचं पोरगं असतं, त्यानं लांडगा खरंच बघितलेला असतो. बाईंना लांडग्याचं थोडं जरी ठाऊक असलं तरी त्या त्यालाच उभं करून विचारतील, नाहीतर ते पोरगं गप्प बसून सिंह-जिराफाची चित्रं रंगवत राहील.

शिक्षकांवर कामाचं ओझं आहे, हे मात्र खरंय, त्यात वाद नाही. म्हणून नवीन रजिस्टर नको, प्रशिक्षणातलाच एक दिवस हॉलमधनं काढून वनरक्षकाबरोबर माळावर घालवा. शिवाय २००२ च्या जैवविविधता कायद्यामुळं गावोगाव लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडं-प्राण्यांची नोंद, करायची असते, ती ग्रामपंचायतीत मागा, आणि अर्धवट असली तर सातवी-आठवीच्या पोरांना घेऊन पुढं भरायला बसा.