शुक्रवारच्या यादीत सगळं येत नाही

‘दर शुक्रवारी अ‍ॅपच नवं संगीत आणून देतं, आता शोधावं लागत नाही’ हे गाण्यांच्या अ‍ॅपमधल्या दर शुक्रवारच्या नव्या गाण्यांच्या यादीवरच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. शुक्रवार हा प्रकाशनाचा दिवस जगभर ठरला तो जुलै २०१५ पासून. आमच्या नागपुरात मात्र गाण्यांचं वेगळंच वेळापत्रक आहे. नवी भीमगीतं येतात ती १४ एप्रिलच्या आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या तोंडावर. दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या स्टॉलपाशी उभं राहून मी कितीतरी आवाज पहिल्यांदा ऐकले, आधी कॅसेटवर, मग सीडीवर, मग पेनड्राइव्हवर. अ‍ॅपवरच्या माझ्या यादीत ते कधीच आले नाहीत, कारण मी आधी ऐकलेल्यासारखंच ती पुढे करते.

आम्ही ऑफिसातले सहा जण दर शनिवारी एकमेकांना एकच नवं गाणं पाठवतो. ते आपल्या नेहमीच्या आवडीबाहेरचं हवं आणि का ऐकावं हे दोन ओळींत लिहायचं. मी ख्याल ऐकणारा माणूस, रॅपच्या वाटेला कधी गेलो नव्हतो. एका तरुण सहकाऱ्याने वऱ्हाडी बोलीतला रॅप पाठवला, तो त्या दिवशी चारदा लावला. लेखकाने अशा हातोहात पोचणाऱ्या गाण्यांवरही लिहावं.