मल्लखांब आला म्हणून बांबूउडी येत नाही

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज सारखा फिरतोय. दादर, पार्ले, ठाणे, डोंबिवली, कुठूनही येतो, मजकूर तोच. थोडक्यात असा: बांबूउडी (पोल व्हॉल्ट) म्हणजे हातात खांब घेऊन केलेलं जिम्नॅस्टिक्सच. बांबूउडीतली रशियाची विश्वविक्रमवीर इसिनबायेवा मुळात जिम्नॅस्ट होती. तेव्हा धावण्यात वेळ घालवू नका, आपल्या मल्लखांबाच्या पोरांना थेट पोल द्या, खांबावर चढतात तशी त्यावरून वर जातील. जिम्नॅस्टिक्सचा कुठलाही व्यायाम चालतो. शिवाय ही पोरं पडायला घाबरत नाहीत, त्यामुळे धोका नाही. खाली तिरंगा आणि जोडलेले हात.

मी शाळेतल्या मुलांना उड्या शिकवतो. त्यामुळे येता-जाता कुणीतरी फोन पुढे करतं, "सर, मग घालू का ह्याला?" प्रत्येकाला मैदानाच्या फाटकात उभं राहून समजावण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

इसिनबायेवापासून सुरुवात करू, कारण ते खरं आहे. व्होल्गोग्राडमध्ये ती पाचव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत जिम्नॅस्टिक्स करत होती. पण मेसेजवाल्याने पुढचं वाक्य गाळलंय. तिने तो खेळ सोडला, कारण ती त्यासाठी फार उंच झाली होती. जी उंची तिथे अडचणीची ठरली, तीच बांबूउडीत कामाला आली, कारण उंच माणूस पोल वरून धरू शकतो. 2005 साली लंडनला पाच मीटर ओलांडणारी ती पहिली बाई, आणि 2009 मधला तिचा 5.06 मीटरचा विक्रम. ऑस्ट्रेलियाची एमा जॉर्ज तर लहानपणी सर्कशीत कसरती करायची, नंतर तिने या उडीत जागतिक विक्रम केले. म्हणजे अंग उलटंसुलटं करायची सवय असणाऱ्याला फायदा होतो, यात वाद नाही. पण 2012 चं ऑलिम्पिक सुवर्ण जिंकणारी जेन सूर बास्केटबॉल खेळणारी होती. 2000 साली सिडनीत बायकांची बांबूउडी ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आली, ती जिंकणारी स्टेसी ड्रॅगिला हेप्टॅथलॉनमधून, म्हणजे धावणं-उड्या-फेकी अशा सात प्रकारांच्या स्पर्धेतून आलेली. दोन नावं घेऊन नियम बनवायचा, तर उलट बाजूचीही दोन नावं घ्यावी लागतात.

आता धावणं. मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ हीच, म्हणून इथे जरा थांबू.

बांबूउडीत उंची येते कुठून? बहुतेक सगळी धावण्यातून. धावपट्टीवर कमावलेला वेग पोल वाकवतो, वाकलेला पोल सरळ होताना तो परत देतो. आठवी-नववीच्या विज्ञानातलं गणित पुरे आहे: वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वाच्या त्वरणाची दुप्पट. सेकंदाला 7 मीटर वेगाने येणाऱ्याच्या शिदोरीत अडीच मीटरची चढण असते. 8 मीटरला ती होते सव्वातीन, साडेनऊला 4.6. यात उडी घेतानाची शरीराच्या गुरुत्वमध्याची उंची, साधारण मीटरभराहून थोडी जास्त, मिळवायची. थोडं वाया जातं, थोडं हाताच्या ओढीने आणि शेवटच्या ढकलण्याने भरून निघतं. पण 8 वरून साडेआठवर गेलात की एकट्या वेगाने 40 सेंटिमीटर वाढतात. पुल-अप वाढवून 40 सेंटिमीटर मिळालेला पोरगा मला अजून भेटायचाय.

स्वीडनचा बांबूउडीतला विश्वविक्रमवीर डुप्लांटिस घ्या. 2025 मध्ये टोकियोत 6.30 मीटर. त्याच्या आदल्या वर्षी झ्यूरिकला गंमत म्हणून त्याची 400 मीटर अडथळ्यांचा विश्वविक्रमवीर कार्स्टन वॉरहोमशी 100 मीटरची शर्यत लावली, आणि ती त्याने 10.37 सेकंदांत जिंकली. हा माणूस धावण्यात वेळ वाया घालवतोय का?

त्यातही हे नुसतं धावणं नव्हे. चार-साडेचार मीटरचा पोल हातात धरून, त्याचं टोक हळूहळू खाली आणत, शेवटच्या पावलांत वेग न सोडता धावायचं. मोकळ्या हातांनी झकास पळणारी मुलं पोल हातात आला की बदकासारखी धावतात. हे जमायला वर्षं जातात, आणि कुठल्याही जिम्नॅस्टिक्स हॉलमध्ये ते शिकवत नाहीत.

खांबावर चढण्याचं काय? तर नियमातच बसत नाही. पाय जमिनीवरून सुटल्यावर खालचा हात वरच्या हाताच्या वर नेला, किंवा वरचा हात आणखी वर सरकवला, की उडी बाद. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या अल्व्हरस्टनकडचे उडीवाले खरोखरच उभ्या काठीवर सरसर चढून पलीकडे जायचे. ते कधीच बंद झालं. मेसेज लिहिणारा सव्वाशे वर्षं उशिरा आलाय.

आणि मल्लखांबाची जी ओळख, ती इथे आडवी येते. पुरलेल्या, एरंडेल लावलेल्या खांबावर मुलगा टिकतो तो अढीच्या जोरावर, मांड्यांनी खांब पकडून. हात मोकळे करून दाखवण्यात तर सगळी शान. तोच मुलगा पहिल्यांदा पोल घेऊन उडाला की काय होतं, ते पाहण्यासारखं असतं. पोल बॉक्समध्ये, म्हणजे धावपट्टीच्या टोकाला तो टेकवायच्या खड्ड्यात, टेकला रे टेकला की दोन्ही कोपरं वाकतात, छाती पोलला चिकटते, गुडघे पोटाशी येतात आणि पाय पोलला वेढा घालू बघतात. ताकद भरपूर, त्यामुळे तो क्षणात वर खेचला जातो. पण वजन इतक्या लवकर वर गेलं की पोल उभा राहायला कुचराई करतो, अर्ध्यात थांबतो, आणि पोरगं जिथून आलं तिकडेच परत. हवं असतं ते बरोबर उलटं: वरचा हात ताणलेला, छाती पुढे, मागचा पाय सरळ आणि लांब, आणि पोल पुढे सरकेपर्यंत ओढायची घाई नाही. मल्लखांबाच्या मुलाला आधी ही सवय सोडवावी लागते. पोलला पायच न लावणं त्याला जिवावर येतं.

म्हणूनच 'कुठलाही व्यायाम चालतो' हे मला पटत नाही. हॉरिझॉन्टल बार जागचा हलत नाही. पोल पुढेही जातो, वाकतोही. बारवर दोन्ही पाय जुळवून झोका घेतात, इथे एक पाय मागून येतो. बारवर दोन्ही हात एका पातळीत, इथे एक वर, एक खाली. त्यामुळे निवड करावी लागते. पॅरलल बारवरच्या सुंदर रचना, स्प्लिट, फ्लोअरवरच्या कोलांट्यांची माळ, ही शोभेची कामं झाली. याउलट टांगलेल्या दोरीवर एक हात वर, एक खाली धरून, सरळ पाय मागून झोकत उलटं व्हायचं आणि पावलं हातांच्या वर दोरीलगत न्यायची, हा व्यायाम सोन्यासारखा आहे. बारला लटकून हात न वाकवता नडगी बारला टेकवणं, मागे कोलांटी घेत हँडस्टँडमध्ये निघणं, हेही तसंच. उलट्या अवस्थेत आपण कुठे आहोत हे कळणं, हा जिम्नॅस्टिक्सचा खरा नफा. सगळी उडी दीड-दोन सेकंदांत आटोपते, तेवढ्यात विचार करायला वेळ नसतो.

इथे मेसेजवाल्याला अर्धे गुण देतो. दोरीचा मल्लखांब करणारी मुलं यातलं बरंच घरून शिकून येतात; उलटं लटकून गप्पा मारतील अशी त्यांची तयारी असते. आणि मुंबईत जून ते सप्टेंबर ओल्या धावपट्टीवर पोल घेऊन पळणं म्हणजे वेडेपणा. ते चार महिने दोरी, बार आणि गादी यांनाच द्यावेत. पण जिन्यातले स्प्रिंट आणि छपराखाली पोल धरून चालायचा सराव तेव्हाही सुटता कामा नये.

राहिला धोका. पडायला न घाबरणं चांगलंच, पण बांबूउडीत इजा होते ती बहुतेकदा चुकीच्या जागी पडल्याने: गादीच्या बाहेर, किंवा थेट बॉक्समध्ये. बॉक्स 20 सेंटिमीटर खोल आणि कडक असतो. मल्लखांबावरची हिंमत तिथे कामाची नाही, कारण मल्लखांबावर पडायची जागा ठरलेली असते, इथे ती धावण्याचा वेग आणि पकडीची उंची ठरवते. शिवाय प्रत्येक पोलवर तो किती वजनाच्या माणसासाठी आहे ते लिहिलेलं असतं. 55 किलोच्या दणकट पोराने 45 किलोचा पोल वाकवला तर तो हातातच मोडू शकतो.

तर, घालू का ह्याला? मल्लखांबाला घाला, बिनधास्त. बांबूउडीचं विचाराल तर आधी त्याचा 30 मीटरचा वेळ घेऊन या. तो बरा असेल तर आखूड, न वाकणारा पोल आणि लांब उडीची वाळू एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं. पोल विकत घ्यायची घाई करू नका. घेतलाच, तर तो घेऊन विरार लोकल पकडायला माझ्याबरोबर या.